पंखा एकच असतो

माझा फोन वाजला. आता यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या घरी इरावतीचा फोन म्हणजे इंदूचा फोन. मुलगी आईला फोन लावते, आई तासभर बोलते, आणि शेवटी फोन माझ्या तोंडासमोर धरते, "घ्या, तुमच्याशी बोलायचं म्हणते." मग इरावती आणि मी एकमेकांना तब्येत विचारतो, दोघंही चांगली आहे म्हणून सांगतो, आणि सुटतो. असं आमचं बापलेकीचं वर्षानुवर्षं बरं चाललेलं. त्या सकाळी मी गॅलरीत उन्हाकडे पाठ करून मटर सोलत बसलो होतो. इंदू शेजारच्या चेतनाला घेऊन सदर बाजारात गेली होती, नातीसाठी चांदीचे वाळे बघायला. खिशातला फोन थरथरला, त्यावर इरावतीचं नाव दिसलं आणि हातातली शेंग खाली पडली. पहिला विचार आला, चुकून लागला असेल. दुसरा विचार सांगत नाही. परदेशात मुलगी असलेल्या बापाच्या मनात तो येतोच.

"बाबा, आई आहे का जवळ?"

"नाही वं. बाजारात गेली. तिच्या फोनवर लाव ना."

"नाही नाही, उसको मत बताना. ती घाबरते. तुमच्याशीच काम आहे." मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, तुम्ही बेसमेंटमध्ये जाऊन बसायचे ना, त्या फर्नेससमोर? वो चलता कैसे है, याद है आपको?"

मला एकदम हसू आलं. ज्या गोष्टीवरून त्या घरात माझी सगळ्यात जास्त थट्टा झाली, तीच आता मला विचारली जात होती. पण तिच्या आवाजात थट्टा नव्हती. तिकडे एडमंटनला तेव्हा रात्र झाली होती, आदल्या दिवसाची. बाहेर उणे एकतीस. भार्गव, म्हणजे आमचे जावई, उत्तरेकडच्या कॅम्पवर कामाला गेलेले. तिथं पंधरा दिवस राहायचं आणि मग पंधरा दिवस घरी, असं त्यांच्या नोकरीचं आहे. घरात इरावती आणि पाच महिन्यांची देवश्री. आणि दुपारपासून घर गार होत चाललेलं. घर तापवणारा तो फर्नेस सुरू होतो, जरा चालतो, बंद पडतो आणि थंड हवा फेकत बसतो. दुरुस्तीवाल्या कंपनीला फोन केला तर ते म्हणाले, अशा थंडीत सगळ्या गावाचे फर्नेस आजारी पडलेत, उद्या सकाळी माणूस पाठवतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे ये झोपायला. पण घर रात्रभर थंड राहिलं तर भिंतीतल्या नळांचं पाणी गोठतं, नळ फुटतात आणि घरभर तळं होतं. म्हणून ती पोट्टीला एका छोट्या विजेच्या हीटरसमोर निजवून घर राखत बसली होती.

मी सुखी माणूस आहे, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. निवृत्त आहे, गुडघे शाबूत आहेत. रायपुरात तेलीबांध्याला तिसऱ्या मजल्यावर लहानसा फ्लॅट आहे, त्याला पूर्वेची गॅलरी, आणि जानेवारीत तिथं असं ऊन येतं की नुसतं बसून राहण्यातही काम केल्यासारखं वाटतं. सकाळी तलावाला एक चक्कर, मग भैय्यालालच्या टपरीवर पोहा-जलेबी आणि त्याच्याशी एखादं चवदार भांडण, मग घरी येऊन इंदू देईल ते काम. मला आणखी काही नको असतं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, हिंदी माध्यमात. शीत कटिबंध शिकवताना माझ्या कपाळावरून घाम निथळायचा, आणि समोरची पोट्टी वहीनं वारा घेत 'सर, बर्फ कैसा होता है' म्हणून विचारायची. मी बेधडक सांगायचो. असा माणूस उतारवयात खराखुरा एडमंटनला गेला, गेल्या मे महिन्यात, मुलीच्या बाळंतपणासाठी, आणि थंडी पडायच्या बेतात परत आला. इंदूला तिथं उसंत नव्हती. डिंकाचे लाडू, बाळाची मालिश, शेकशेगडी. आणि मला काम नव्हतं. रस्त्यावर माणूस दिसेना, टपरी नाही, भांडायला कोणी नाही. परत येऊन विमानतळावर रायपूरचा धुरकट वास नाकात गेला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी टॅक्सीवाल्याला भैया, भैया करून हैराण केलं.

म्हणून दिवाळीत इरावतीनं विचारलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. "बाबा, जानेवारीत येता का? भार्गवची शिफ्ट बदलून राहिली." मी म्हटलं, "बाई, हाडं गोठवायला बोलावतेस काय म्हाताऱ्याला? उन्हाळ्यात पाहू." ती म्हणाली, "ठीक है." आणि लगेच आईला अनारशाच्या पिठाचं काहीतरी विचारलं. माझ्याशिवाय इंदू विमानात बसत नाही, त्यामुळे माझं नाही ते तिचंही नाही झालं, आणि ती दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलली. ते मी सोसलं. पण ते 'ठीक है' मला सोसवेना. भांडली असती, बाबा तुम्ही असे कसे म्हणाली असती, तर मी चार शब्द बोलून मोकळा झालो असतो. इतक्या सहज ठीक कसं काय झालं तिचं? तलावावर फिरताना, आंघोळ करताना, कधी पोह्यावर लिंबू पिळताना ते दोन शब्द मधेच येऊन उभे राहायचे. त्यानंतर तिनं मला विचारलं नाही. एकदाही नाही. मी जायला पाहिजे की नको, हे माझ्यापुरतं मी मिटवून टाकलं होतं, असं मला वाटत होतं, आणि तरी ते रोज उघडं पडत होतं.

"खाली जा," मी म्हटलं. "फोन त्याच्याजवळ धर. चित्र नको, आवाज ऐकू दे."

जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज आला. मी डोळे मिटले. इकडे खाली भंगारवाला ओरडत होता, कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होत होती, आणि तिकडे, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, माझ्या ओळखीचं ते तळघर. ओल्या सिमेंटचा आणि साबणाच्या पावडरचा वास मला इथं आला. त्या तळघरात कपडे धुवायच्या मशीनशेजारी ते उभं आहे, गोदरेजच्या कपाटाएवढं, त्याच्या डोक्यातून पत्र्याचे चौकोनी बोगदे निघून घरभर गेलेले. मी तिथं उलटी बादली ठेवून बसायचो. सुरुवातीला इंदूच्या कामात पाय नको म्हणून गेलो, मग सवय झाली, मग खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. मे महिन्यातही तिथं पहाटे गारवा असतो आणि यंत्र जागं होतं. आधी एक छोटा पंखा घुंई करतो, तो धूर बाहेर काढायचा. त्याची खात्री पटल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मग टक्. मग एक कांडी लाल होते, गॅस सुटतो, आणि निळ्या ज्वाळा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळत जातात, छोट्या काचेतून दिसतं ते. तरी वर खोल्यांमध्ये काही येत नाही. यंत्र दम धरतं. आतलं लोखंड तापू देतं. गार लोखंडावरून हवा सोडली तर घरातल्या माणसांना हुडहुडी भरेल, म्हणून. आणि मगच तो मोठा पंखा सुरू होतो आणि घराची हवा त्या तापलेल्या लोखंडावरून फिरवून खोल्याखोल्यांत पाठवतो. मला हे फार पटलं. इतक्या समजुतीचा हेडमास्तर मला सबंध नोकरीत मिळाला नाही, असं मी जेवताना म्हणालो, तर इरावती आणि भार्गव पोट धरून हसले, आणि तेव्हापासून माझं नाव फर्नेसबाबा.

आणि जुलैत काय झालं? तिथलं ऊनही भाजतं, फक्त ते लोक त्याला ऊन म्हणून कौतुक करतात. घर गार करणारी हवा एक दिवस येईनाशी झाली. इरावतीचे दिवस भरत आलेले, ती घामाघूम, इंदू ओल्या टॉवेलनं तिचे पाय पुसते आहे. मग दुरुस्तीला जसपाल म्हणून एक सरदारजी आला, लुधियान्याकडचा, दाढीत पांढरं आलेला. मी हिंदी बोलतो म्हटल्यावर त्याचा चेहरा फुलला. त्यानं ते कपाट उघडलं तर काय, आत वरच्या बाजूला थंड नळ्यांच्या जाळ्यावर बर्फ! जुलैत! मुलांना ज्याच्याबद्दल बेधडक सांगायचो, तो बर्फ मी बोट लावून पाहिला. जसपाल म्हणाला, "अंकलजी, पंखा एक ही है. सर्दी में गरम लोहे पर से हवा भेजता है, गर्मी में ठंडी कॉइल पर से. हवा रुकी, तो ठंडक वहीं जम गई." हवा गाळायचा खालचा फिल्टर ओढून काढला, तो धुळीनं काळा ठिक्कर पडलेला. नवा घातला, बर्फ वितळू दिला, आणि संध्याकाळपर्यंत घर गार. जाताना त्याला चहा दिला, तो बादलीवर आणि मी पायरीवर बसलो, आणि त्यानं मला हिवाळ्यातली गोष्टही सांगितली. हवा अडली तर हिवाळ्यात उलटं होतं, लोखंड जास्त तापतं, आणि आतला एक स्विच घाबरून गॅस तोडून टाकतो. पंखा मात्र चालूच ठेवतो, लोखंड निवेपर्यंत.

"बाबा, सुरू झाला," इरावती म्हणाली.

ऐकलं. घुंई. टक्. ज्वाळांचा तो भक्क आवाज, आपल्याकडे गॅसची शेगडी पेटताना होतो त्यापेक्षा मोठा. मग ती थांबण्याची वेळ, आणि मग मोठा पंखा, धुम्म करून. सगळं नीट चाललं होतं. आणि मग, मटरच्या चारपाच शेंगा सोलून व्हाव्यात एवढ्यात, टक्.

"ज्वाळा गेल्या?"

"गेल्या. पंखा चालू आहे. देखा? आता परत ठंडी हवा फेकणार."

"तो स्वतःला गार करून राहिला. पेटतो म्हणजे गॅस ठीक, धुराचा रस्ता ठीक. तुझा तो गॅसचा अलार्म वाजला का?"

"नाही. दिवा हिरवा आहे."

"मग हवा अडली कुठंतरी. फिल्टर काढ."

"बदलला ना बाबा, परवाच. मी स्वतः बदलला." तिनं तो ओढून काढला, व्हिडिओ चालू केला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. पांढराशुभ्र, धुतल्या धोतरासारखा. तिला बदलता येतो याचा मला अभिमान वाटला, पण माझी विद्या तिथंच संपली. जसपालनं सांगितलं तेवढंच मला येत होतं. तिकडे लेक गार तळघरात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघते आहे, आणि इकडे मी उन्हात बसलेला, पाठ छान शेकलेली, मांडीवर मटरची टोपली. लाज वाटली म्हणण्यापेक्षा राग आला. अंतराचा राग आला. हात लांब केला की पोचायला पाहिजे, ते यंत्र माझ्या हाताखालचं आहे, मी त्याच्यासमोर महिनोन्महिने बसलो आहे, आणि मी इथं भंगारवाल्याचं ओरडणं ऐकतो आहे!

"पोट्टी कुठे आहे?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून विचारलं.

"वर, हॉलमध्ये. झोपली."

"जा, मले दाखव."

ती वर आली, फोन फिरवला, आणि मी पाहिलं. हॉलमध्ये सोफा भिंतीला सारलेला, दुसऱ्या भिंतीला एक गादी उभी टेकवलेली. मधोमध जमिनीवर गाद्या, एकाला एक लावून, वर आमच्या जुन्या फुलाफुलांच्या चादरी. मधल्या गादीवर देवश्री, टोपी, मोजे, दोन रजया, नाकाचा शेंडा लाल, समोर तो छोटा हीटर. उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला, थर्मास, दुधाची बाटली, डायपरचा गठ्ठा, फोनचा चार्जर, वाडग्यात चिवडा. स्वयंपाकघराकडच्या दाराला खाली टॉवेल गुंडाळून लावलेला. जिन्याच्या तोंडाशी चादरीचा पडदा. अवं माय! मी बघतच राहिलो. ही काही एडमंटनची बैठक नव्हती. ही कूलरची खोली होती.

पूर्वी, तात्यापाऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात, मार्च संपता संपता कूलर माळ्यावरून उतरायचा. त्याची गेल्या वर्षीची जाळी काढायची, नवा खस, म्हणजे वाळा, भरायचा, मोटर फिरते का पाहायची, आणि मग तो समोरच्या खोलीच्या खिडकीत बसवायचा. त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत बाकीचं घर बंद. दारं लावायची, फटींना गोणपाट लावायचं, म्हणजे गारवा वाया जाणार नाही. रिकाम्या खोलीला हवा कशाला? सगळ्यांच्या गाद्या एका ओळीत. माझी आई, माझा भाऊ मारोती, इंदू, मी, आणि मध्ये इरावती. रात्रभर पाण्याचा टपटप आवाज, ओल्या खसाचा वास, सकाळी उशा सर्द झालेल्या. एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, कारण कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, आतलीला जायला वाट लागते. कोणी घोरायचं, कोणी कोणाचा पंचा ओढून घ्यायचं. मारोती अंधारात भुताच्या गोष्टी सांगायचा. मला वाटायचं, याहून अधिक माणसाला काय पाहिजे असतं. पण इरावती बारावीला गेली आणि एका मे महिन्यात तिनं आपली गादी उचलली आणि मागच्या भट्टीसारख्या खोलीत नेली. "मले नाही झोपायचं इतक्या लोकांत. मले माझी खोली पाहिजे." अंगभर घामोळं आलं तिला, पण परत आली नाही. आम्हीही बोलावलं नाही, म्हटलं, येईल. मग पुण्याचं कॉलेज, मग ते तिकडचं घर, वर चार खोल्या असलेलं. मला पक्कं वाटलं होतं की त्या एका ओळीतल्या गाद्यांचा तिला कायमचा वीट आला आहे.

आणि आता ही ओळ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी डोक्यात दिवा पेटला, दोन्ही एकदम.

"इरा, बाकीच्या खोल्या?"

"बंद आहेत."

"आणि जमिनीतल्या जाळ्या? हवा येते त्या?"

"त्या पण बंद केल्या सगळ्या. फक्त हॉलच्या चालू. बेकार में पूरा घर क्यों गरम करना? कोणी नसतं तिथं." तिचा आवाज जरा बारीक झाला. "भार्गव गेला की आम्ही दोघी इथंच झोपतो. वरती... वरती बहुत सन्नाटा है, बाबा."

"ती गादी काहून उभी केली भिंतीला?"

"तिथून गार वारं येते, पायाला झोंबते. म्हणून काल लावली."

"येत नाही वं माय, जाते! तिच्यामागं मोठी जाळी आहे, ती हवा ओढते. तू त्याचं नाक दाबून ठेवलं आणि तोंडही!" मी इतक्या मोठ्यानं बोललो की शेजारच्या गॅलरीतल्या बाईनं वळून पाहिलं. "हा कूलर नाही, बेटा. कूलर बाहेरून हवा घेतो, त्याले एक खोली चालते. ह्या यंत्राले घराचीच हवा लागते. इथून ओढायची, तापवायची, सगळीकडे पाठवायची, फिरून आली की परत ओढायची. तू एका खोलीत जीव गोळा केला, तर त्याची ऊब खालीच अडकली. तापला तो आणि घाबरला."

पलीकडे ती हसली. घाबरून हसावं तसं, पण हसली. "कूलरची खोलीच केली ना मी?"

"हव. पूर्ण तीच."

मग आमची वरात निघाली. आधी भिंतीची गादी खाली आली. तिच्यामागची ती मोठी जाळी मला दिसली तेव्हा मला खरोखर बरं वाटलं, माझाच कोणी नाक चोंदलेला नातेवाईक मोकळा झाल्यासारखं. दाराखालचा टॉवेल काढला. स्वयंपाकघरातली जाळी, जेवायच्या टेबलाखालची, भार्गवच्या अभ्यासाच्या खोलीतली. मग जिन्याचा पडदा सारून वर. ती दिवे लावत जात होती, आणि मी एकेक खोली पाहत होतो. थंड, नीटनेटकी, पलंगावर सुरकुती नाही, दिवे लागले तरी कोणी राहत नाही असं सांगणारी. या खोल्या मी पूर्वीही पाहिल्या होत्या, पण तेव्हा मला त्या श्रीमंतीच्या वाटल्या होत्या. आता वाटलं, ही पोट्टी संध्याकाळ झाली की इथून मुलीला उचलून खाली पळत असेल. भार्गव गेले की दोन आठवडे, पुढच्या वेळी पुन्हा दोन आठवडे. आणि फोनवर आईला म्हणते सगळं मजेत. वाकून तिनं तिच्या बेडरूममधल्या दोन्ही जाळ्या उघडल्या, देवश्रीच्या खोलीतली उघडली, न्हाणीघरातली उघडली.

"झाल्या, बाबा. आता स्विच बंद करून परत लावू?"

मी तो जिना, तो बोळ मनात धरून बसलो होतो. "कोपऱ्यातली राहिली. आमची."

"ती राहू दे."

"काहून?"

"तिथं सामान भरलं आहे." ती बोळात उभी होती, कॅमेरा तिच्या खांद्याकडे, चेहरा अर्धाच दिसत होता. "जाळीवर खोकी आहेत. तुम्ही येणार नव्हते ना, मग मी ती स्टोअर रूम केली."

ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते साधं सांगितलं, आणि मला त्या क्षणी कळलं की दिवाळीत माझं नाही ऐकून तिनं फोन ठेवला असेल, त्या खोलीत गेली असेल, आमच्यासाठी घातलेल्या चादरी काढल्या असतील, जाळीचा दांडा फिरवून बंद केला असेल, आणि मग कोणाला काही न बोलता एकेक खोकं नेऊन ठेवलं असेल. रिकाम्या खोलीला हवा कशाला? हे तिला आम्हीच शिकवलं. मला इतकं वाईट वाटलं की टोपलीतले मटर मुठीत घेऊन मी तसाच बसलो. पाठीवर ऊन होतं. खाली भाजीवाली कोणाशी तरी हुज्जत घालत होती, भैय्यालालच्या टपरीवर या वेळी गरम जलेबी निघाली असेल. सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यातलं काही मला धरून ठेवत नव्हतं.

"उघड," मी म्हटलं.

"एका जाळीनं काय फरक पडते, बाबा? इतक्या उघडल्या ना."

"नसंल पडत. उघड."

तिनं फोन जमिनीवर ठेवला. मला फक्त छत दिसत होतं, आणि खोकी सरकल्याचे आवाज येत होते. एक, मग आणखी एक जड, मग तिचा धापा टाकण्याचा आवाज. मग लोखंडी दांडा किरकिरला. ती खाली गेली असावी, कारण बराच वेळ छतच दिसत राहिलं. खूप लांबून घुंई ऐकू आलं. टक् ऐकू आलं की मी ते मनानंच ऐकलं, सांगता येत नाही. मग काही नाही. मी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. हातांना काहीतरी पाहिजे होतं. चार झाल्या, सहा झाल्या, मूठभर झाल्या. ज्या वेळी तो बंद पडत होता ती वेळ आली आणि गेली. टोपली अर्धी झाली. छतावर दिव्याचा उजेड होता आणि फोनमध्ये हळूहळू एक आवाज भरत चालला होता, नळीतून वारा यावा तसा, एकसारखा.

मग पावलं आली. ती फोनशेजारीच जमिनीवर बसली, खोक्यांच्या मध्ये, देवश्री तिच्या कडेवर. देवश्रीचं एक मोजा घातलेलं पाऊल मला दिसलं.

"बंद नाही पडला," ती म्हणाली. "सगळीकडे येते आहे. इथं पण." तिनं हात जाळीवर धरला असावा. "पण इथली तर फुकटच जाते ना."

"जाऊ दे. आम्ही येईपर्यंत जाऊ दे."

ती अगदी सावकाश म्हणाली, "थंडी आहे बाबा इथं. तुम्हाला नाही सोसणार."

"त्या खोलीत तर नाही ना आता?"

"नाही," ती म्हणाली. "त्या खोलीत नाही." आणि मग माझी ती एवढी शिकलेली, फिल्टर बदलणारी, मुलीला घेऊन एकटी घर राखणारी पोट्टी रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं, आवाज न लपवता, आणि मी फोन छातीशी धरून "हव, हव," म्हणत राहिलो, आणि तिला थांब म्हटलं नाही.